डुकरानं खाल्लेले चार एकर

अडतीस वर्षं कोठ्यात उभी असलेली गाडी बाहेर काढायला काय लागतं? मला वाटलं होतं, क्रेन. गेला बाजार ट्रॅक्टर. पण कोठ्याचं दार ट्रॅक्टरला अरुंद आणि गाडीचे चारही टायर मातीत रुतून चपटे झालेले. शेवटी शेजारच्या काकांनी आपली बैलजोडी आणली, पुढून साखळी बांधली आणि दोन हाकांमध्ये आमची फियाट फेब्रुवारीच्या उन्हात! भोवती पंचवीस-तीस माणसं, त्यातली निम्मी मोबाइल धरून.

'झाली तुमची ऑक्सफर्ड!' गर्दीतले एक आजोबा म्हणाले आणि सगळी म्हातारी मंडळी खो खो हसली.

हा जोक पुण्या-मुंबईच्या वाचकांना समजावून सांगायला हवा. जमनालाल बजाजांकडच्या एका जुन्या फोर्डला म्हणे बैल जुंपायचे, म्हणून तिचं नाव पडलं 'ऑक्स-फोर्ड'. वर्ध्याकडे ही गोष्ट अजून चवीनं सांगतात. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले, त्या काळातली. थोडक्यात काय, पेट्रोलच्या गाडीला बैल ही आमच्या जिल्ह्याची जुनीच आयडिया.

हसले नाहीत ते फक्त बाबा. कोठ्याच्या भिंतीला टेकून उभे होते. बैल सोडल्यावर एवढंच म्हणाले, 'काढलं डुकराले बाहेर? आता आनखी काय खाते ते पाहा.'

'डुक्कर' ही शिवी नाही, मॉडेल आहे. म्हणजे बाबांच्या तोंडी शिवीच होती, पण मुळात मॉडेल. मुंबईच्या प्रीमियर कंपनीने १९५०च्या दशकात फियाट ११०० बनवायला घेतली, तेव्हाची ही गाडी. सगळीकडून गोलमटोल, पुढून आखूड नाकाची. लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हणायला सुरुवात केली आणि आजही जुन्या गाड्यांचा धंदा करणारे तेच म्हणतात. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगला, आणि पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. तुम्ही-आम्ही लहानपणी मुंबईत जी काळी-पिवळी बघितली ती पद्मिनी, हिची धाकटी आणि जरा चौकोनी बहीण. आमची डुक्कर १९५६ची.

आजोबांनी ती १९७१ मध्ये नागपूरहून सेकंडहँड आणली. त्यासाठी चार एकर कोरडवाहू विकलं. आमच्या घरात हे वाक्य इतक्या वेळा बोललं गेलंय, की लहानपणी मला ते म्हणीसारखं वाटायचं: डुकरानं चार एकर खाल्लं. बोरच्या जंगलाजवळचं गाव आमचं, सेलू तालुक्यातलं. इथं रानडुक्कर शेत खातं हे शेंबड्या पोरालाही माहीत. त्यामुळे पाहुण्यांना आधी वाटायचं, खरंच जनावराबद्दल बोलून राहिले.

आणि वरून नशिबाचा विनोद बघा. ते चार एकर पुढे समृद्धी महामार्गात गेले. ज्यांनी आजोबांकडून घेतले होते, त्यांच्या नातवंडांना मोबदला मिळाला. त्यांचा स्लॅबचा दुमजली बंगला आमच्या शेतातून दिसतो. बाबा संध्याकाळी खाट टाकतात ती त्या बंगल्याकडे पाठ करून.

आता मी यात कुठून आले? तर मी अठ्ठावीस वर्षांची, मास कॉम केलेली, पुण्यात सहा वर्षं काढलेली, त्यातली शेवटची तीन फ्रीलान्स. (फ्रीलान्स म्हणजे काय हे आई लोकांना सांगते, 'ती लिहिते.' बाबा सांगतात, 'ती घरीच असते.') २०२५च्या जानेवारीत मला महिन्याचं ठरलेलं काम देणारी एक वेबसाइट एका ई-मेलसरशी बंद पडली. त्याच महिन्यात रूममेटचं लग्न ठरलं आणि फ्लॅटचं पूर्ण भाडं माझ्या एकटीच्या डोक्यावर आलं. सेव्हिंग होतं एक लाख ऐंशी हजार. म्हटलं, तीन महिने गावाला राहावं. शेतातच घर, भाडं नाही, आणि नेटवर्क चिंचेखाली दोन काड्या येतं.

गाडी का काढली, याचं खरं उत्तर द्यायचं तर... स्टोरी! 'शेतात राहून विंटेज कार रिस्टोअर करणारी मुलगी.' हेडलाइन तयार, फोटो डोळ्यांसमोर तयार. क्रीम रंगाची चकाचक फियाट, मागे पांढऱ्या कापसाचं शेत. विकणार कोणाला, हेही ठरलं होतं. प्रश्न फक्त मधल्या कामाचा होता.

मधलं काम म्हणजे काय, ते पहिल्याच दिवशी कळलं. सीटखाली सापाची अख्खी कात निघाली. सायलेन्सरमध्ये उंदरांचं घर. आणि खालचा पत्रा... मी ड्रायव्हरच्या जागी पाय ठेवला तो थेट जमिनीला टेकला. इंजिन जाम.

वर्धा स्टेशनकडच्या भागात एक मिस्त्रीकाका आहेत, सत्तरीचे. आयुष्यभर फियाट आणि अँबॅसिडर केल्या, आता मुलाच्या दुकानात बसून टू-व्हीलरवाल्यांना सल्ले देतात. मी फोटो दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, परत बघितलं आणि विचारलं, 'कागद आहेत का?' इंजिन नाही, पत्रा नाही, आधी कागद! तेव्हा मला हे फारच सरकारी वाटलं होतं.

मग ते दर रविवारी एसटीने यायला लागले. येताना माझ्यासाठी गोरसपाक, जाताना आईच्या हातची भाजी-भाकरी. मजुरीचा विषय काढला की म्हणायचे, 'पाहू ना मंग.' त्यांनी प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ब्रेक ऑइल ओतलं आणि सांगितलं, आठ दिवस हात लावू नको. ऑफिसात आपल्याला 'आज ईओडीपर्यंत' ऐकायची सवय. आठ दिवस नुसतं ओतून ठेवायचं, हे पचायलाच वेळ लागला. नवव्या दिवशी पुली पान्यानं फिरवून बघितली. हलली नाही. अजून आठ दिवस.

त्या सोळा दिवसांत मी सुटं करायला शिकले. प्रत्येक बोल्ट आईच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांमध्ये, वर चिठ्ठी. 'डेल्को' म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, 'एसी पंप' म्हणजे पेट्रोल पंप (याचा एअर कंडिशनरशी काही संबंध नाही, मी विचारलं होतं) हे शब्द कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाहीत. खालचा पत्रा गावातल्याच वेल्डिंगवाल्यानं केला. तो एरवी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो, त्यामुळे आमच्या फियाटचा तळ आता बहुधा दोन टन सोयाबीन सहज उचलेल.

वही सापडली ती डॅशबोर्डच्या कप्प्यात. पुठ्ठ्याच्या बांधणीची, कोपरे कुरतडलेले, पण आजोबांचं अक्षर स्वच्छ. तारीख, कुठे, किती मैल, किती पेट्रोल. मैलच लिहायचे ते शेवटपर्यंत. मी चिंचेखाली बसून एका बैठकीत वाचली. बाजार, कोर्ट, केळझरचा गणपती. आणि मधून मधून, बहुतेक रात्रीच्या वेळा: सेवाग्राम दवाखाना. कधी 'बाळंतीण', कधी 'पान लागलं', म्हणजे साप चावला. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव भडकले तशा बाजाराच्या फेऱ्या कमी होत गेल्या, पण सेवाग्रामच्या नाही. मला वाटलं, चला, स्टोरीचा क्लायमॅक्स मिळाला!

पळत जाऊन बाबांना दाखवलं. ते डवरा नीट करत होते. मान वर न करता म्हणाले, 'हाव, नेत होते ना. मीच बसत होतो कंदील घेऊन मांगच्या सीटवर. पेट्रोल कोनाचं होतं, ते लिवलं का त्याच्यात?'

लिहिलं नव्हतं. पण दुसरं एक लिहिलं होतं, ते मी त्यांना दाखवलं नाही. जून १९८०: 'इंजिन काम, नागपूर', पुढे रक्कम दोन हजार चारशे. १९८० हे बाबांचं बारावीचं वर्ष. नागपूरच्या पॉलिटेक्निकला त्यांचा नंबर लागला होता, पण होस्टेलचे पैसे नव्हते म्हणून ते गेले नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. बाबा म्हणायचे, 'पैसे होते, ते डुकरात गेले.' आम्ही भावंडं डोळे फिरवायचो. बाबांची नेहमीची कुरकुर! आता ती तारखेसकट, आजोबांच्या अक्षरात माझ्या मांडीवर होती.

आणि मी काय केलं? इंजिन बांधायला दिलं. मिस्त्रीकाकांचं एस्टिमेट आलं होतं ५८ हजार. वही कप्प्यात परत ठेवली आणि ॲडव्हान्स भरला. याचं काही चांगलं कारण सांगता येईल तर बघितलं, नाही येत. गाडी तेव्हा अर्धी सुटी पडली होती आणि अर्धी सुटी पडलेली वस्तू माणसाला शांत झोपू देत नाही, एवढंच.

इंजिनपुराण थोडक्यात सांगते. नागपुरातल्या पहिल्या वर्कशॉपने ब्लॉक तीन आठवडे ठेवून घेतला आणि हातही न लावता परत केला. दुसऱ्यांनी बोअरिंग केलं, क्रँक ग्राइंड केला. पिस्टन आणि बाकी बारीकसारीक सामानासाठी मी रेल्वेनं मुंबईला, कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे. मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली, पण टॅक्सी जातात, पार्ट उरतात. एका दुकानदारानं तर पद्मिनीचं अख्खं चालू इंजिनच पुढे केलं, 'बिठा दो, खतम करो.' माझ्या सगळ्या खर्चापेक्षा स्वस्त! मोह झालाच. पण इथे नियम आडवा आला.

जुन्या गाड्यांचे शौकीन १९३० नंतरच्या गाडीला विंटेज म्हणू देत नाहीत, 'क्लासिक' म्हणतात. सरकार उदार आहे. २०२१ मध्ये आलेल्या केंद्रीय नियमांत ५० वर्षांहून जुनी गाडी विंटेज, पण चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. गाडीची आधीपासून नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. नव्यानं नोंदणी झालेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची मालिका मिळते, फी २० हजार. आणि ही गाडी रोज वापरायची नाही: रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर. म्हणजे समृद्धीवरून नागपूर गाठायचं माझं स्वप्न कागदावरच मेलं. तसंही तिथल्या १२०च्या गाड्यांमध्ये आमची डुक्कर म्हणजे स्पीडब्रेकर.

अजून एक. हे इंजिन शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं. भारतात २००० सालापासून बिनशिशाचंच पेट्रोल मिळतं, आणि आता त्यात २० टक्के इथेनॉल. जुन्या रबराचे पाइप आणि पंपाचे पडदे त्यात हळूहळू गळायला लागतात. काकांनी सगळे बदलायला लावले आणि म्हणाले, 'गाडी तीच हाय बेटा, खुराक बदलला.'

जूनमध्ये पेरणी आली आणि सगळं थांबलं. घरात सहा एकराचा विचार चालू असताना कार्बोरेटरबद्दल बोलायची माझीही हिंमत नव्हती. पेरणी आटोपली, जुलैत एका संध्याकाळी काका नसताना मी एकटीनं सेल मारला आणि इंजिन लागलं. चार सिलिंडर, एकसारखं! मी ओरडले, आई धावत आली, कुत्री भुंकली. बाबा बांधावरून आले, क्षणभर कान देऊन ऐकलं. 'टॅपेट वाजून राहिले,' म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. दुसऱ्या रविवारी काकांनी ऐकलं आणि तेच म्हणाले.

आता फक्त दोन गोष्टी उरल्या: रंग आणि कागद. रंगासाठी मी ४५ हजार बाजूला ठेवले होते. क्रीमची शेडही ठरली होती. कागदांचं मात्र काकांनी पहिल्या दिवशीच विचारलं होतं ते खरं ठरलं. आरसी बुक होतं, पण आजोबांच्या नावावर. आजोबा २०११ मध्ये गेले. नंतर कोणी काही केलंच नाही. मालक वारला तर वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ असतो, सोबत बाकीच्या वारसांची संमती. वारस दोन: आत्या आणि बाबा. आत्यानं अमरावतीहून फोनवरच सांगितलं, 'कुठं सही करू ते धाड.' तिची वरात त्याच गाडीतून गेली होती.

बाबा फॉर्म बघून म्हणाले, 'ठेव तिथं.' फॉर्म महिनाभर तिथंच, टीव्हीखाली राहिला. आईनं एकदा त्यावर वाटीसुद्धा ठेवली.

ऑगस्टच्या शेवटी डुकरं आली. चार पायांची. एका रात्रीत सोयाबीनच्या दीड एकराचा पार चुराडा. खाल्लं कमी, लोळून-उकरून नासवलं जास्त. बाबा रोज रात्री मचाणावर जागल करायला जायला लागले. तिसऱ्या-चौथ्या रात्री मीही गेले. टॉर्च, फटाके आणि एक पत्र्याचा डबा. पहाटे तीनला, बिबट्या ऐकू येतो का म्हणून मी कान टवकारून बसलेली असताना, बाबा बोलले.

'झटका मशीन लागते. सोलरची. चारी बाजूनं तार. तीस-बत्तीस हजार.'

मी गप्प.

'तुह्याजवळ हायेत ना रंगाचे?'

हायेत म्हटलं.

'सही पाह्यजे ना तुले? मंग पहिले झटका मशीन.'

मला राग आला, खोटं कशाला बोलू? अंधारात रडूही आलं थोडं. माझे पैसे, माझी मेहनत, आणि हा चक्क सौदा! तुमचा बॉस अप्रेझलच्या वेळी करतो तसा. मग वहीतलं ते पान आठवलं, दोन हजार चारशेचं. ते मी बाबांना कधीच दाखवणार नव्हते, पण त्या मचाणावर, डोळ्यांत तेल घालून बसलेल्या त्रेसष्ट वर्षांच्या माणसाशेजारी बसून दाखवलं. म्हणजे सांगितलं. तारीख, आकडा, सगळं.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'चोवीसशे नाही. तीन हजार. सहाशे मामाकडून घेतले होते उसने, ते लिवले नसन.'

झटका मशीन आठवड्यात लागलं. बत्तीस हजार पाचशे. उरल्या पैशांत रंग होणार नव्हता, म्हणून गाडीला नुसता रेड ऑक्साइड मारून घेतला. गंजू नये म्हणून. त्यामुळे आमची विंटेज कार सध्या दिसते ती दाराच्या चौकटीला मारतात त्या रंगाची, मॅट फिनिश! ज्या मासिकाला स्टोरी विकायची होती, त्यांच्या फोटो एडिटरनं फोटो बघून विचारलं, 'फायनल कधी होणार?' सही मात्र तार लागली त्याच संध्याकाळी झाली. फॉर्मवर, वाटीच्या गोल डागाच्या बाजूला.

२०२५ मध्ये दसरा आणि गांधीजयंती एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला आली. ट्रॅक्टर, मोटरसायकल, डवरे, झटका मशीनची बॅटरी, सगळ्यांसोबत फियाटलाही झेंडूचा हार. अर्ज नुकताच गेलेला, त्यामुळे डांबरी रस्त्यावर न्यायची नाही, हे काकांनी बजावलेलं. पांदणीनं जाऊन परत यायचं, बस. मी चालवायला, शेजारी काका, मागे आई आणि दोन पोरं. बाबा म्हणाले, 'मी येतो पायी. कोनी तरी मांगून पाह्यजे ढकलाले.'

आमची पांदण समृद्धीच्या खालून जाते, अंडरपासमधून. वर ट्रक धडधडत होते. त्या बोगद्याच्या मधोमध, वीस मिनिटं रखडत चालवल्यावर, ऊन चढलेलं असताना, गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. सेल मारला, बॅटरीही बसली. डायनॅमो चार्जच करत नव्हता.

'एसी पंप तापला,' काका म्हणाले. 'पेट्रोलची वाफ झाली पाइपात. ओला कपडा पाह्यजे.'

बाबा मागून पोचले होते. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, पाण्याच्या कॅनमध्ये बुडवून पिळला आणि काकांना न विचारता, बॉनेट उघडून, बरोब्बर त्या पंपाभोवती गुंडाळला. मग बोगद्याच्या भिंतीला पाठ लावून उकिडवे बसले. पंधरा मिनिटं आम्ही सगळे तसेच. वर गाड्या जात होत्या.

'इथंच होती ना विहीर?' आईनं विचारलं.

'थोडी तिकडं,' बाबा म्हणाले, बोटानं काँक्रीटच्या आत कुठेतरी दाखवत.

मग उठले, हार जरा बाजूला सरकवून स्टिअरिंगवर बसले. उलट्या दरवाजातून, अजिबात न अडखळता. त्यांना चारचाकी चालवताना मी आयुष्यात पाहिलेलं नाही. काका खिडकीतून सांगायला लागले, 'दुसऱ्यात टाका, अन्...' तोवर दांडी दुसऱ्यात गेली होती. आम्ही पाच जणांनी ढकललं. दहा-बारा पावलं, क्लच सुटला, एक झटका, काळा धूर, आणि इंजिन लागलं.

आम्ही थांबून वाट बघत होतो, की ते पुढे जाऊन उभे राहतील. गाडी बोगद्यातून बाहेर पडली, उन्हात लाल दिसली, बाभळीच्या वळणावर गेली आणि दिसेनाशी झाली. आवाज येत राहिला. तिसरा पडला, मग चौथा.

'थांबून नाही राहिले ते,' आई म्हणाली.

काकांनी पाने पिशवीत भरले. मी पाण्याची रिकामी कॅन उचलली. पोरं पुढे पळाली होती. तेवढ्यात काकांना काहीतरी आठवलं आणि ते वळणाच्या दिशेनं, ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही, जोरात ओरडले, 'अहो भाऊ, दुपट्टा!'